मार्तंडचा दहावा

आई माणसं मारायची ती बहुतेक पोळ्या लाटताना. भाजीला फोडणी बसेपर्यंत प्रेत सापडलेलं असायचं, आणि वरणाला उकळी येईस्तोवर संशय कुणाकुणावर घ्यायचा हे ठरलेलं असायचं. नागपुरात धंतोलीतल्या आमच्या भाड्याच्या घरात स्वयंपाकघर मागच्या बाजूला होतं. त्याला एकच खिडकी, आणि त्या खिडकीखाली स्टोव्हच्या फरफर आवाजात तिने कितीतरी दिवाण, वारसदार, मुनीम आणि सर्कशीतले कसरतपटू संपवले. स्टोव्हचा आवाज मोठा, म्हणून तिला त्याच्या वर बोलावं लागायचं. एकदा शेजारच्या बाई मागच्या दाराशी येऊन दबकत विचारू लागल्या, "वहिनी, विष कोनाले देऊन राहिल्या?" आईने पोळी उलटली आणि सांगितलं, "एका सावत्र भावाला. या ना, बसा, चहा घेऊनच जा."

ही पुस्तकं वसंत धुरंधर या नावाने निघायची. पातळ, भडक मुखपृष्ठाची, वाचनालयातून भाड्याने नेऊन एका दुपारी संपवायची. बाईच्या नावावर खून खपत नाहीत असं प्रकाशकांचं मत होतं आणि आईने त्याबद्दल कधी वाद घातला नाही. एकदा अमरावतीहून एक वाचक पत्ता शोधत आला. बाबा नुकतेच कचेरीतून येऊन पाय धूत होते. त्याने बाबांचा ओला हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, "धुरंधर साहेब, तुमच्यापायी मले झोप लागत नाही." बाबांनी आयुष्यात एकही रहस्यकथा वाचली नव्हती. ते म्हणाले, "लवकर झोपत चला." आई चहा घेऊन बाहेर आली, त्या माणसाने कप घेतला, पण तिच्याकडे मान वर करून पाहिलं नाही. तो गेल्यावर ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मला मात्र निराळंच बरं वाटलं होतं. माझी आई कोण आहे हे जगात मोजक्या लोकांना ठाऊक होतं आणि त्यांत मी होते. मला ती संख्या वाढायला नको होती.

तिचा गुप्तहेर म्हणजे मार्तंड. उंच, झुपकेदार मिशा, कपाळापासून मागे गेलेली केसांची एक पांढरी बट. लग्न केलेलं नाही, नागपूरच्याच महाल भागात म्हाताऱ्या आईजवळ राहतो. त्याला वडाभात आवडायचा, म्हणून प्रत्येक पुस्तकात कुठेतरी त्याची म्हातारी त्याला वडाभात वाढायची, वर फोडणीचं तेल घालायची, आणि त्या दिवशी आमच्याकडेही वडाभात व्हायचा. मला तो आवडत नाही हे आई सोयीने विसरत असे. मला टायफॉईड झाला तेव्हा ती माझ्या उशाशी बसून असायची, कपाळावरची पट्टी बदलायची. पण ग्लानीतून डोळे उघडले की दिसायचं, तिची नजर भिंतीवर लागलेली आहे आणि ओठ हलताहेत. त्या महिन्यात मार्तंड एका विहिरीत अडकला होता. मला ताप होता, पण त्याला बाहेर काढणं तातडीचं होतं. हे मी त्या वयातही समजून घेतलं, आणि मार्तंडला माफ केलं नाही.

माझी जागा डाळींच्या डब्यांना पाठ लावून, जमिनीवर. आई अर्धी गोष्ट सांगून थांबायची आणि विचारायची, "सांग, कोणी मारलं?" मी बहुतेकदा बरोबर सांगत असे. त्यात हुशारी काही नव्हती. ज्या माणसाबद्दल आई कमी बोलते तोच खुनी, एवढं मी ओळखून ठेवलं होतं. हे तिला सांगितल्यावर ती म्हणाली, "आतल्या गाठीची आहेस." मला हा शब्द तेव्हा नीट कळला नाही. तिच्या आवाजावरून मी ते कौतुक समजले, आणि अजूनही तसंच समजते.

मी इंग्रजी शाळेत शिकले. ती शाळा आईनेच निवडली होती, बाबांची तयारी नव्हती तरी. सकाळची प्रार्थना इंग्रजीत, भांडण इंग्रजीत, सिस्टरसमोर मराठी शब्द निघाला तर शिक्षा. मराठी कानाला सगळं कळायचं, बोलताना मात्र शब्द उशिरा यायचे, म्हणून मी बोलणंच कमी केलं. लोक म्हणत, विभा फार लाजाळू आहे. वाचण्याचं तर विचारू नका. पानवाल्याचा मुलगा आईचं पुस्तक एका दुपारी वाचून परत करायचा, आणि मी, तिची मुलगी, बोट ठेवून ठेवून आठवडाभर वाचत बसायची. तिच्या तोंडून ऐकलेली गोष्ट कागदावर माझ्यासाठी परकी व्हायची.

मी कॉलेजात गेले त्या सुमारास प्रकाशकांनी दर महिन्याला पुस्तक मागायला सुरुवात केली. दुपारी निवांत बसून लिहिण्याइतका वेळ आईला राहिला नाही. ती स्वयंपाक करता करता सांगणार आणि कोणीतरी लिहून घेणार असं ठरलं. कोणीतरी म्हणजे अर्थात मी. मी पाटावर कागद घेऊन बसले. आई सुसाट सुटायची आणि मी मागे राहायची. एक वाक्य धरेपर्यंत तिची पुढची तीन हवेत विरून जायची. ती थांबायची, पोळी करपायची, आणि थांबल्यामुळे तिला पुढचं आठवायचं नाही. काही दिवस तिने दम धरला. मग एका सकाळी माझ्या हातातून कागद काढून घेत ती म्हणाली, "राहू दे गं. तुझ्या हातात माझा खून शिळा होतो." ती चिडली नव्हती, हसूनच म्हणाली. मी पण हसले, आणि डाळींच्या डब्यांकडे परत गेले.

कुंदा आली ती त्याच वर्षी. बाबांच्या चुलतभावाची मुलगी, माझ्याच वयाची, रामटेकची. तिचे वडील तिथे शाळेत मास्तर होते, धानाची थोडी शेती होती, घरात पाच भावंडं. नागपूरला कॉलेज करायचं म्हणून ती आमच्याकडे राहायला आली, एक पत्र्याची ट्रंक आणि पिशवीभर रामटेकची विड्याची पानं घेऊन. पहिल्याच संध्याकाळी तिने आईचं एक पुस्तक उचललं आणि जेवणाची पानं घेईपर्यंत वाचून खाली ठेवलं. "काकू, तो मुनीम नाही मारू शकत," ती म्हणाली. "त्याचा उजवा हात मोडला हाये ना आठव्या पानावर. मंग त्यानं गाठ कोन्त्या हातानं मारली?" आईचा चेहरा मला दिसत होता. कोणी इतक्या बारकाईने वाचलं की कसं वाटतं, ते तिला तोवर ठाऊकच नसावं.

कुंदाच्या हाताला वेग होता. आई सांगायची आणि तिची टाचणीसारखी बारीक अक्षरं पळत सुटायची, मध्येच ती "थांबा काकू" न म्हणता नुसतं डावं बोट वर करायची आणि आईही बोट खाली येईपर्यंत कणीक मळत राहायची. दोघींची ती खूण किती लवकर जमली. मी समोरच बसलेली असायची, लसूण सोलत. माझ्या वाट्याला आता लसूण होता. दोन-तीन महिन्यांत आणखी एक गोष्ट झाली. मार्तंडचा बापू नावाचा मदतनीस होता, तो आधी छापील मराठी बोलायचा. तो हळूहळू "मले काय माहीत साहेब" म्हणू लागला, "काहून" विचारू लागला. वाचकांना बापू एकदम आवडू लागला, प्रकाशकांनी तसं कळवलं. म्हणजे कुंदा पुस्तकातही शिरली होती. मी इतकी वर्षं त्या घरात होते, माझं एक वाक्यही कुणाच्या तोंडी आलेलं नव्हतं. माझी वाक्यं होतीच कुठे म्हणा.

ती माझ्याशी वाईट वागली असती तर सोपं झालं असतं. ती माझी वेणी घालायची, माझ्या इंग्रजी पुस्तकांतले शब्द विचारायची, रात्री शेजारच्या खाटेवरून "विभे, झोपली का वं" म्हणून दिवसभराच्या गमती सांगायची. मी झोपल्याचं सोंग घेत असे. आजही कुंदाचा रामटेकहून फोन येतो, आता तिची नातवंडं कॉलेजात आहेत. बोलता बोलता ती सुनेला हाक मारून सांगते, "धुरंधरांची पुस्तकं मीच लिहून घेत होती बरं." खरं आहे ते. तरी फोन ठेवल्यावर मला काही वेळ कुणाशी बोलावंसं वाटत नाही.

त्या हिवाळ्यात प्रकाशक स्वतः घरी आले. संत्र्याची फोड तोंडात धरून म्हणाले, "वहिनी, मार्तंडला मारा." खप थोडा उतरला होता, लोकांना धक्का हवा होता. आईने त्यांना सांगितलं की बघते, आणि ते गेल्यावर घरात येरझाऱ्या घालत राहिली. मार्तंड मेला तर पुढच्या महिन्यात काय, हा प्रश्न होताच. पण तेवढंच नव्हतं. तिला तो मारवत नव्हता. शेवटी तिने तोड काढली: मार्तंड मेला असं सगळ्यांना वाटावं, वाचकांनाही, आणि पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तो जिवंत निघावा.

"कसा मारायचा ते सांगा दोघी," आई म्हणाली. मला हे 'दोघी' टोचलं, तरी मी बोलायचं ठरवलं. शाळेच्या वाचनालयात मी इंग्रजी रहस्यकथा पुष्कळ वाचल्या होत्या. मी म्हटलं, शवपेटी बंद असेल, आत दगड भरलेले असतील.

"पेटी कुठून आनतं वं?" कुंदा म्हणाली. "आपल्यात तोंड पाह्यल्याशिवाय कोनी मयताले जाते का? अर्धं महाल येऊन तोंड पाह्यते, अन् उरलेलं अर्धं कोन कोन रडलं ते पाह्यते."

आई हसली. मी लसूण सोलू लागले. मग कुंदाने सुचवलं की कन्हानच्या पुरात वाहून गेला म्हणायचं, काठावर कपडे आणि चपला सापडतात. त्यावर आई म्हणाली, "प्रेत नाही म्हटलं की वाचक समजतोच, हा परत येणार. इतका काही तो बावळट नाही." मग आईलाच सुचलं. देह सापडला नाही तर दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. शास्त्रात आधी पुष्कळ वाट पाहायला सांगितलं आहे, पण रहस्यकथेला तितका वेळ नसतो. पुतळ्याचं दहन होईल, पुढचे विधी होतील, दहाव्याला पिंड ठेवला जाईल आणि त्याला कावळा शिवेल. एकदा कावळा शिवला की वाचकाच्या मनातली उरलीसुरली आशा संपेल. पुस्तकातला खलनायक रंगराव, तोही तेवढ्यासाठीच घाटावर येईल. कावळा शिवल्याचं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तो निर्धास्त व्हायचा नाही.

"जित्या मानसाच्या पिंडाले कावळा कसा शिवन, काकू?"

"भूक लागली की शिवेल. कावळा काही माझी पुस्तकं वाचत नाही."

इथपर्यंत जमलं आणि मग अडलं. रंगरावाला कुणी कधी पाहिलेलं नव्हतं. मार्तंडने अंधारात एकदा त्याचा आवाज तेवढा ऐकला होता. म्हणजे घाटावरच्या गर्दीत रंगराव कोणता हे ओळखायचं तर मार्तंड ऐकू येईल इतक्या जवळ हवा. आणि मार्तंडची ती पांढरी बट, त्या मिशा. आईने इतक्या पुस्तकांत इतक्या प्रेमाने वर्णन करून ठेवल्या होत्या की लहान पोरंही त्याला ओळखतील. खोट्या दाढ्या तिने आधीच फार वापरून झाल्या होत्या. कुंदा म्हणाली, "रामटेकले चला. अंबाळ्यावर पाहू. तिथं कोनाचा ना कोनाचा दहावा असतेच."

अंबाळा म्हणजे रामटेकच्या गडामागचा तलाव, डोंगरांच्या कुशीत, काठाला जुनी देवळं आणि घाट. आसपासच्या गावांतून लोक तिथे दहाव्याला येतात. आम्ही तिघी सकाळच्या एसटीने निघालो. दोघींच्या सीटवर आई आणि कुंदा बसल्या, मला मागे जागा मिळाली. कामठी गेलं, कन्हान गेलं, पूर कुठवर चढतो ते कुंदा हात करून दाखवत होती आणि आई खिडकीशी वाकून बघत होती. मला त्यांचे फक्त अंबाडे दिसत होते. रामटेकला कुंदाच्या घरी तिच्या आईने तर्रीदार पाटवडीचा रस्सा वाढला. ती माउली एका हाताने वाढत होती, दुसऱ्याने धाकट्याला धरत होती. कुंदाकडे बघून म्हणाली, "वाळली वं तू," आणि उत्तर ऐकायच्या आत चुलीकडे वळली. कुंदा जेवताना पहिल्यांदाच गप्प होती. हे माझ्या लक्षात आलं, पण त्या दिवशी मला त्याचं काही करायचं नव्हतं.

घाटावर खरंच एका घराचा दहावा चालला होता. म्हातारी बाई गेली होती. आई छत्री उघडून देवळाच्या पायरीवर अशी बसली, जणू कुणाची तरी वाट बघतेय. दुसऱ्यांच्या दुःखात असं बघायला येऊन बसणं मला इतकं लाजिरवाणं वाटलं की मी दहा हात लांब जाऊन उभी राहिले. कुंदा मात्र त्या घरच्या बायकांत जाऊन कधी मिसळली कळलंच नाही. पिंड दगडावर ठेवलेला. कावळे समोरच्या झाडावर होते, पण खाली उतरत नव्हते. मधूनच एखादं वानर पुढे सरकायचं आणि कुणीतरी खडा मारायचं. घरचे लोक एकेक करून आळवत होते. "माय, तुही गाय इकत नाही." "माय, धाकटीचं लगीन थाटात करू." कावळे ढिम्म. एक म्हातारा पुटपुटला, "भाकरीले उशीर झाला का अशीच रुसे."

त्याच वेळी पलीकडे न्हावी भाऊबंदांची डोकी करत होता. केस गेले, मिशा गेल्या, एकेक जण तलावात बुडी मारून वर येत होता आणि ओल्या धोतराने रांगेत बसत होता. तीन-चार वर्षांची एक मुलगी बायकांमधून सुटली आणि "बाबा" म्हणत त्या रांगेकडे पळाली. रांगेपाशी आली आणि थबकली. तिने एकाचा चेहरा पाहिला, मग दुसऱ्याचा. तिचा बाप हसून पुढे झाला आणि त्याने तिला उचललं, तशी ती किंचाळली, हातपाय झाडू लागली. तिला तो ओळखूच येईना. सगळे हसले, रडून डोळे सुजलेल्या बायकाही तोंडाला पदर लावून हसल्या. एवढ्यात कावळा उतरला, आणि सगळ्यांच्या माना गर्रकन पिंडाकडे वळल्या. आईची, कुंदाचीसुद्धा. मी तेवढी त्या रांगेकडे बघत होते.

मला ते तिथेच सुचलं. बोलायला तोंड उघडलंही होतं. पण आई आणि कुंदा शेजारी शेजारी उभ्या राहून त्या कावळ्याबद्दल बोलत होत्या, आणि मला हे आईला एकटीला सांगायचं होतं. दोघींना नाही. माझ्याकडे इतक्या दिवसांनी तिला देण्यासारखं काही आलं होतं, ते मला कुंदाच्या हाताखालून, तिच्या कागदावरून, आईपर्यंत जायला नको होतं.

पण आई एकटी सापडेना. सकाळी कुंदा तिच्याबरोबर स्वयंपाकघरात. दुपारी कॉलेजातून माझ्याआधी हजर. बाजारात जाताना पिशवी धरायला कुंदा. देवळात गेली तर तिथेही. मी एकदा सरळ आईला म्हटलं, "जरा बाहेर ये ना." ती हात पुसत बाहेर आली, आणि मागोमाग कुंदा आली, "काय झालं वं?" करत. मी म्हटलं, "काही नाही, दोरीवरचे कपडे काढायचेत." तिघींनी मिळून कपडे काढले. इकडे पुस्तक पुढे सरकत होतं. दहन झालं होतं, महालात शोककळा पसरली होती, आणि दोघींनी ठरवून टाकलं की मार्तंड देवळाच्या शिखरात लपून घाटावर नजर ठेवेल. शिखरातून आवाज कसा ऐकू येणार, हे मला दिसत होतं. मी बोलले नाही. आपल्याजवळ आहे आणि आपण देत नाही, यातही एक सुख असतं. ते सुख मी काही दिवस पुरवून पुरवून भोगलं.

एका दुपारी आई सांबारवड्या करत होती. कोथिंबिरीचं सारण भरून पारी दुमडायची, कडा दाबायच्या, ताटात ठेवायची. कुंदा पाटावर लिहायला बसली होती. आई घाटाचं वर्णन सांगत होती आणि मध्येच तिची बोटं थांबली.

"शिखरातून ऐकू नाही यायचं गं," ती म्हणाली.

"बापूले उभं करा ना खाली."

"बापूने आवाज कुठे ऐकलाय." आईने ताट पुढे सरकवलं. तिचा चेहरा थकलेला दिसला. "जाऊ दे. मारूनच टाकते त्याला. सुटेन तरी."

ती हे मनापासून म्हणत होती. मला मार्तंड आवडत नव्हता हे खरं, पण तो गेला तर हे स्वयंपाकघरही गेलं असतं. मी म्हटलं, "तो तिथेच आहे."

दोघींनी माझ्याकडे पाहिलं. "कोण?"

"मार्तंड." माझा आवाज बारीक झाला. "रांगेत. भाऊबंदांच्या. केस नाहीत, मिशा नाहीत. सगळ्यांसारखा. ती मुलगी... तिला तिचे बाबा ओळखू आले नाहीत. तशी रांग. रंगराव त्याच्या बाजूला उभा राहूनच बोलेल. आणि बघेल कावळ्याकडे."

हे मी इतकं सरळ बोलले नव्हते. इंग्रजी शब्द मध्ये आले, एक वाक्य मी तीनदा सुरू केलं. पण आईला कळलं. तिच्या हातातली वडी अर्धी दुमडलेली तशीच राहिली.

"अगं बाई," कुंदा हळूच म्हणाली. "सोताच्याच दहाव्याले बसला तो." आणि मग माझ्याकडे वळून, "मी तं तिथंच होती, मले काहून नाही दिसलं वं?" तिच्या आवाजात निखळ आनंद होता. मला वाटत होतं तिला थोडं तरी लागावं.

आई म्हणाली, "आणि त्याची आई? ती घाटावर बसलेली असणार बायकांत. तिला यातलं काहीच माहीत नाही. ती ओळखणार नाही त्याला?"

"ओळखते ना," कुंदा म्हणाली. "माय हाये ते. डोस्कं भादरलं म्हनून का पाठ बदलते? कान बदलते?"

"नाही ओळखणार," मी म्हटलं.

"का गं?" आईने विचारलं.

"ती बघणारच नाही. ती पिंडाकडे बघत असेल." मी थांबायला हवं होतं. "तिचं सगळं लक्ष जो नाही त्याच्याकडे. समोर बसलेल्याकडे कशाला बघेल ती."

स्टोव्हचा आवाज एकदम मोठा वाटू लागला. कुंदा खाली कागदाकडे बघत होती. आईने हातातली वडी पूर्ण दुमडली, कडा दाबल्या, ताटात ठेवली. मला वाटलं आता ती म्हणेल, आतल्या गाठीची आहेस. ती तसं काही म्हणाली नाही. पदराला हात पुसून तिने कुंदाच्या पुढचा कागद उचलला आणि माझ्यापुढे ठेवला.

"कुंदा, तू वड्या तळायला घे. हे विभा लिहील."

"मला नाही जमणार," मी म्हटलं. "मी फार हळू लिहिते."

"मग मी हळू सांगते."

कुंदा उठली. कढईत तेल ओतलं. ती माझ्याकडे पाठ करून उभी होती आणि तेल तापायच्या आतच तिने पहिली वडी सोडली. ती तळाशी जाऊन बसली. तिच्याकडून अशी चूक कधी होत नसे. तिला लागलं होतं. इतके दिवस मला तेच हवं होतं, आणि ते बघून मला हवं तेवढं बरं वाटलं नाही. पण थोडं वाटलं.

आई माझ्यासमोर जमिनीवर येऊन बसली. हातात काही काम नाही, लाटणं नाही, सुरी नाही. अशी ती मी क्वचित पाहिली होती. ती एक वाक्य सांगायची आणि थांबायची. बोट वर करायची गरजच नव्हती, ती माझ्या हाताकडेच बघत होती. घाट आला, वानरं आली, झाडावर कावळे आले. रंगराव आला, एका मुंडन केलेल्या माणसाच्या शेजारी उभा राहिला आणि सहज म्हणाला, आज कावळे फार माजलेत. त्या माणसाने मान वर केली नाही. मग आईने सांगितलं, "म्हातारीची नजर रांगेवरून एकदा फिरली." मी लिहिलं. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग पुढचं वाक्य तिने आणखी सावकाश सांगितलं. "मग तिने पदर पुढे ओढून घेतला, तिचं तोंड कुणाला दिसू नये म्हणून."

कढईपाशी कुंदा वळली. झारा तिच्या हातात तसाच होता. "म्हंजे ओळखलं का नाही, काकू?"

"मला काय विचारतेस," आई म्हणाली. "तिला विचार. प्रसंग तिचा आहे."

दोघी माझ्याकडे बघत थांबल्या. मी मान खाली घातलेलीच ठेवली आणि पेन कागदावर टेकवून म्हटलं, "थांबा, लिहून होऊ दे."

लिहून केव्हाच झालं होतं.